मेंदूतील गाठ : उपचारांचा इतिहास आणि खानदेशातील आपण



‘कर्क’ म्हणजे खेकडा, हे आपणांस ठाऊक आहेच. ‘कर्करोग’ हा शब्द त्यावरूनच पडला. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी उर्दूत याच रोगाला ‘सरतान’ म्हणतात. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थही खेकडाच. इंग्रजीतील ‘कॅन्सर’ मुळात लॅटिन, त्याचाही अर्थ तोच. आणि लॅटिनच्याही आधी ग्रीक वैद्यांनी खेकड्याचेच नाव दिलेले होते. इतक्या भाषांनी एकाच प्राण्याचे नाव द्यावे, यावरून माणसाने या रोगाची केवढी धास्ती घेतली होती ते दिसून येते. त्यातून ‘मेंदूत गाठ आहे’ असे कानी पडले की घरातील माणसे रडू लागतात आणि शेजारीपाजारी तर रोग्याचा शेवट ठरवूनच मोकळे होतात. ही भीती कोठून आली, कोणत्या काळी ती खरी होती आणि आज तिच्यातले किती उरले आहे, हे इतिहासाच्या आधाराने पाहावे असा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही; इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा कोणी काय औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, एवढे मात्र इतिहास शिकवू शकतो.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मेंदूवर आवरणे असतात. त्या आवरणांतून उगवणारी गाठ, जिला डॉक्टर ‘मेनिंजिओमा’ म्हणतात, ती बहुधा सौम्य असते, वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, आणि पुष्कळदा पूर्ण काढून टाकता येते. मेंदूच्या स्वतःच्या आधार-पेशींतून निघणाऱ्या गाठींना ‘ग्लायोमा’ म्हणतात. त्यांत सौम्य आहेत तशा अत्यंत उग्रही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना १ ते ४ अशा पायऱ्या लावलेल्या आहेत. चौथी पायरी सर्वांत वाईट. याखेरीज फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवांतील कर्करोग मेंदूत येऊन बसतो, तो प्रकार वेगळा. आणि आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : क्षयरोगाचीही मेंदूत गाठ होते. ती एके काळी भारतात इतकी आढळे की मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. दाराब दस्तूर यांच्यासारख्या संशोधकांनी मेंदूच्या क्षयाच्या अभ्यासाला आपली उमेदीची वर्षे दिली. ही गाठ बहुतेक वेळा क्षयाच्या गोळ्यांनी विरघळते. म्हणजे फोटोत गाठ दिसली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गाठ कोणत्या जातीची, हे ठरले की मगच पुढचा सारा विचार सुरू होतो.

आता जुन्या काळाकडे वळू. धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले, शिरपूर, सेंधवा मागे टाकून नर्मदा ओलांडली, की माळवा लागतो. तेथील धार नगरीत अकराव्या शतकात राजा भोज राज्य करीत होता. त्याच्याविषयी ‘भोजप्रबंध’ नावाच्या संस्कृत ग्रंथात एक कथा आहे. राजास असह्य डोकेदुखी जडली, कोणाचाच इलाज चालेना. तेव्हा दोन वैद्य आले. त्यांनी राजाला ‘संमोहिनी’ नावाचे औषध देऊन बेशुद्ध केले, कवटी उघडली, आतील दोष काढला, कवटी पूर्ववत जुळविली आणि दुसऱ्या औषधाने त्याला शुद्धीवर आणले. मेंदूतील गाठीची ही जगातील पहिली शस्त्रक्रिया, असे अभिमानाने लिहिणारे पुष्कळ आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. भोज राजा अकराव्या शतकातला, आणि बल्लाळाचा हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. मध्ये पाचशे वर्षे गेली. शिवाय कथेत कवटीतून निघाले ते मासे आहेत, गाठ नव्हे! कथा सुंदर आहे. त्या काळच्या लोकांना कवटी उघडून बरे करण्याची कल्पना सुचली होती, एवढे ती नक्की सांगते. त्याहून अधिक तिच्यातून काढू नये.

कवटीला भोक पाडण्याची विद्या मात्र फार प्राचीन आहे, याला हाडांचाच पुरावा आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथे उत्खननात सापडलेल्या नवाश्मयुगीन कवटीवर पाडलेली छिद्रे स्पष्ट दिसतात. परंतु ती कशासाठी पाडली, हे हाडे सांगत नाहीत.

स्पेनमधील कोर्दोबाजवळ दहाव्या शतकात अबुल कासिम अल-जहरावी हा थोर शस्त्रवैद्य होऊन गेला. त्याने तीस भागांचा ‘अत्-तसरीफ’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील शस्त्रक्रियेचा भाग बाराव्या शतकात लॅटिनमध्ये उतरला आणि पुढे कित्येक शतके युरोपातील वैद्य तो वाचीत राहिले. शस्त्रांची चित्रे काढून ती कशी वापरावीत हे त्याने समजावून दिले. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, ते योग्यच आहे. पण त्याने लिहिलेली एक गोष्ट आपण सांगत नाही. कर्काची गाठ जुनी आणि मोठी झाली असेल तर तिला हात लावू नये, कारण अशी गाठ मी स्वतः कधी बरी केली नाही आणि दुसऱ्या कोणी केलेलीही पाहिली नाही, अशा आशयाचे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या सर्वांत कुशल हाताची ही कबुली आहे. आज गल्लोगल्ली ‘शर्तिया इलाज’ अशा पाट्या लावून बसलेल्यांनी ती एकदा वाचावी.

अल-जहरावी थांबला, कारण त्याच्याजवळ तीन गोष्टी नव्हत्या. पहिली, वेदना घालविणारी खात्रीची भूल. ती १८४६ साली ईथरच्या आणि १८४७ साली क्लोरोफॉर्मच्या रूपाने मिळाली. दुसरी, जखमेत पू होऊ न देण्याची युक्ती. ती १८६७ साली जोसेफ लिस्टर याने दिली. आणि तिसरी सर्वांत अवघड : कवटी न उघडता गाठ कोठे आहे ते कसे ओळखावे? हातावरची गाठ दिसते, पोटातली चाचपता येते. मेंदू तर हाडाच्या पेटीत बंद.

हे कोडे कसे सुटले, ते विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि बोलण्याची शक्ती डाव्या बाजूच्या एका विशिष्ट भागात असते असे दाखविले. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावली. एका ठिकाणी लावली की पुढचा पाय हाले, दुसऱ्या ठिकाणी लावली की चेहरा. पुढे इंग्लंडमध्ये डेव्हिड फेरियर याने माकडांवर प्रयोग करून मेंदूचा जणू नकाशाच तयार केला. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूला चालविते आणि डावी उजव्या बाजूला. तेव्हा एखाद्याचा डावा हात अधूनमधून आपोआप झटके देऊ लागला, तर दोष उजव्या मेंदूत आणि तोही हाताच्याच जागी असला पाहिजे, असे अनुमान करता येऊ लागले.

या अनुमानावर भरवसा ठेवून १८७९ च्या जुलैत ग्लासगो येथील विल्यम मॅकइवेन याने चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी उघडली. मुलीच्या डाव्या डोळ्याच्या वर सूज होती आणि शरीराच्या उजव्या बाजूला झटके येत. मेंदूच्या आवरणावरील गाठ त्याने काढली. मुलगी बरी झाली, आठ वर्षे जगली आणि मूत्रपिंडाच्या वेगळ्याच रोगाने वारली. मृत्यूनंतर तपासले तेव्हा गाठ पुन्हा आलेली नव्हती.

दुसरी घटना लंडनची. एक पंचवीस वर्षांचा शेतकरी तरुण. काही वर्षांपूर्वी डोक्यास लाकडाचा मार लागला होता. पुढे तोंडाची डावी बाजू फडफडू लागली, मग डावा हात दुबळा झाला, मग पाय ओढू लागला. डोके ठणके आणि उलट्या थांबेनात. डॉ. ह्यूज बेनेट यांनी नकाशाप्रमाणे ठरविले की उजव्या बाजूला, अमुक जागी, फार मोठी नसलेली गाठ आहे. डोक्यावर त्या वेळी एकही बाह्य खूण नव्हती. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लिस्टरचा भाचा रिकमन गॉडली याने तेथेच कवटी उघडली. गाठ तेथेच होती, अक्रोडाएवढी! ती काढली. रोग्याचे झटके आणि डोकेदुखी थांबली, तो बोलू लागला. परंतु जखमेत जंतू शिरले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्याचा अंत झाला.

याला यश म्हणावे की अपयश? त्या काळी लंडनच्या वर्तमानपत्रांत यावर रण माजले. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणारे एका बाजूस, त्या प्रयोगांमुळेच ही जागा अचूक सापडली असे म्हणणारे दुसऱ्या बाजूस. माझ्या मते त्या अनामिक शेतकऱ्याचे ऋण मोठे आहे. मॅकइवेनच्या रोग्याच्या कपाळावर निदान सूज तरी होती. येथे केवळ लक्षणांवरून, विचाराच्या बळावर, न दिसणारी गाठ सापडली. आजही आपल्या गावचा डॉक्टर रोग्याला ‘हात वर करा, बोट नाकाला लावा, सरळ चालून दाखवा’ असे सांगतो. पुष्कळांना तो वेळकाढूपणा वाटतो. तो १८८४ चाच नकाशा चाचपत असतो.

वाट उघडली, पण ती रक्ताने भरलेली होती. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत कवटी उघडलेल्या रोग्यांपैकी तिसरा हिस्सा, काही ठिकाणी अर्धे, शस्त्रक्रियेनेच दगावत. डोक्यातील गाठ म्हणजे मृत्यू ही आपल्या आजोबा-पणजोबांची समजूत त्या काळी खोटी नव्हती. हे चित्र बदलले ते अमेरिकेतील हार्वे कुशिंग या हट्टी, शिस्तप्रिय आणि, त्याचे सहकारी सांगत त्याप्रमाणे, काहीशा तापट शल्यविशारदाने. तासन् तास हळूहळू काम करणे, रक्ताचा थेंब न् थेंब थांबविणे, चांदीच्या लहान चापांनी रक्तवाहिन्या बंद करणे ही त्याची पद्धत. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये, रक्त थांबेना म्हणून काही दिवसांपूर्वी अर्धवट सोडावी लागलेली एक शस्त्रक्रिया त्याने बोवी नावाच्या शास्त्रज्ञाच्या विद्युत्-यंत्राने पुरी केली. विजेच्या टोकाने कापायचे आणि त्याच टोकाने रक्त गोठवायचे. आज तालुक्याच्या इस्पितळातही साध्या ऑपरेशनला हे यंत्र लागते. १९३१ साली कुशिंगने आपली दोन हजारावी मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया केली, आणि मृत्यूचे प्रमाण त्याने शंभरात दहाच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही खाली आणले होते. प्रत्येक रोग्याची नोंद, चित्र आणि काढलेली गाठ तो जपून ठेवी. रोगी घरी गेल्यावरही पत्रे पाठवून विचारपूस करी. गाठींच्या जाती लावता आल्या त्या या नोंदींमुळे. नोंदवही नीट ठेवण्याचे महत्त्व वर्गात सांगताना मी हेच उदाहरण देतो. मुलांना ते कितपत पटते, हे त्यांच्या वह्या पाहून सांगणे कठीण आहे!

गाठ शोधण्याचे साधन मात्र अजून लक्षणांपुढे फारसे गेले नव्हते. क्ष-किरण १८९५ साली सापडले, पण त्यांत हाड दिसते, मेंदू दिसत नाही. १९१८ साली वॉल्टर डँडी याने मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढण्याची युक्ती शोधली आणि १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ याने रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा फोटो घेतला. दोन्ही तपासण्या रोग्यास अतिशय त्रासदायक होत्या. खरी क्रांती झाली १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनच्या विंबल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन निघाले आणि त्यात गाठ दिसली. हे यंत्र बनविणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता, अभियंता होता. आणि त्याची कंपनी ईएमआय, म्हणजे जिच्या भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या आपल्या आजोबांच्या घरी वाजत, तीच. गाणी विकणाऱ्या कंपनीतून मेंदूचा फोटो निघाला. हाउन्सफील्डला १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एमआरआय आले, ज्यात क्ष-किरणही लागत नाहीत. त्याच्या जनकांना, लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना, २००३ साली तोच मान मिळाला. दुसरीकडे तुर्कस्तानात जन्मलेले आणि झुरिक येथे काम करणारे गाझी याशारगिल यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली, आणि जेथे कुशिंगचा हातही पोहोचत नव्हता तेथे पोहोचणे शक्य झाले.

आता शस्त्राखेरीज इतर उपचारांकडे येऊ, कारण घरांतून सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात. शब्द चुकीचा असला तरी चालेल, पण कल्पना बरोबर असावी. किरणांनी वाढणाऱ्या पेशींतील वाढीचे सूत्रच तुटते. त्यात भाजणे नाही आणि विजेचा धक्काही नाही. लहान मुलांच्या छोट्या मेंदूत होणाऱ्या एका गाठीला बेली आणि कुशिंग यांनी १९२५ साली ‘मेडुलोब्लास्टोमा’ हे नाव दिले. कुशिंगच्या हाताखालील अशी बहुतेक मुले वारली, कारण ही गाठ मेंदूच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत पसरते. १९५३ साली मँचेस्टर येथील एडिथ पॅटरसन यांनी संपूर्ण मेंदू आणि कणा यांना किरण देऊन काही मुले बरी होतात असे दाखविले. आज शस्त्रक्रिया, किरण आणि केमो या तिन्हींच्या जोरावर, गाठ पसरलेली नसेल तर यांतील बहुसंख्य मुले वाचतात. १९२५ मध्ये ज्या रोगाला केवळ नाव होते, त्याला आज उपचार आहे. मात्र तीन वर्षांखालील बाळांच्या वाढत्या मेंदूस किरणांची इजा फार होते, म्हणून त्यांना ते शक्यतो टाळतात किंवा पुढे ढकलतात. ‘आमच्या पोराला लाईट का देत नाहीत?’ असा राग धरू नये.

स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली किरणांचे अनेक बारीक झोत एकाच बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली आणि पुढे १९६८ च्या सुमारास तिचे यंत्र बनविले. त्याला गॅमा नाईफ म्हणतात. नावात सुरी आहे, पण कापाकापी काहीच नाही. लहान, नेमक्या गाठीला ते उपयोगी; मोठ्या किंवा पसरलेल्या गाठीला नव्हे. प्रोटॉन किरण हे त्यापुढचे पाऊल. नेमक्या खोलीवर थांबत असल्याने ते मुलांच्या बाबतीत विशेष मोलाचे.

औषधांची गोष्ट अधिक हट्टी निघाली. रक्तातील सगळेच पदार्थ मेंदूत जात नाहीत. मध्ये निसर्गाने पहारा ठेवला आहे. विषापासून मेंदूला वाचविणारा हा पहारा औषधालाही अडवितो. १९६० च्या दशकाच्या आरंभी डेक्सामेथासोन हे औषध आले. त्याने गाठ जात नाही, पण भोवतालची सूज झपाट्याने उतरते. रोगी दोन दिवसांत उठून बसतो, जेवतो, हसतो. येथेच घरचे लोक फसतात. बरा झाला असे समजून पुढची तारीख चुकवितात, किंवा गोळी परस्पर बंद करतात, आणि दोन्ही घातक ठरते. चौथ्या पायरीच्या ग्लायोमावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, किरणांबरोबर टेमोझोलोमाइड या तोंडाने घ्यायच्या औषधाची जोड दिल्यास दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दहावरून सव्वीसपर्यंत जाते असे दिसले. सरासरी आयुष्य मात्र अडीच महिन्यांनीच वाढले. हे आकडे मी मुद्दाम देत आहे. चौथ्या पायरीची गाठ आजही क्वचितच पूर्ण बरी होते. ‘विज्ञानाने सारे जिंकले’ असे सांगणारा लेख तुम्हांला फसवील. पण शंभरातील ते सव्वीस रोगी कागदावरचे आकडे नाहीत. त्यांतील कोणी मुलीचे लग्न पाहिले असेल, कोणी मुलगा दहावी झालेला पाहिला असेल.

आपल्या देशात हे सारे कधी आले? १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातील पहिला विभाग सुरू केला. १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी. मुंबईत १९५० च्याच दशकात डॉ. राम गिंडे आणि केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी या विद्येचा पाया घातला. त्याआधी साधे शल्यविशारदच धाडस करीत. कर्करोगासाठी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्यामागे एका घराचे दुःख आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या. असा उपचार आपल्या देशातच मिळावा ही त्यांचे पती सर दोराबजी यांची इच्छा, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. विश्वस्तांनी काम तडीस नेले. १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आहे. खारघर येथे त्याचेच दुसरे केंद्र असून २०२३ पासून तेथे प्रोटॉन उपचारही होऊ लागले आहेत.

आणि खानदेश? १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. दोन्हींकडे कापूस, केळी, रेल्वे होती. मेंदूची शस्त्रक्रिया नव्हती. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये झाले, जळगावला २०१८ मध्ये. आता दोन्ही शहरांत स्कॅन होते, मेंदूचे शल्यविशारदही आहेत, आणि अपघाताच्या अथवा सौम्य गाठीच्या रोग्याला लगेच रात्रीची गाडी पकडण्याचे कारण उरलेले नाही. तरी अवघड गाठीची वाट आजही भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मग दादर अशीच जाते.

त्या वाटेवर पैसा हा मोठा अडसर. १९९७ साली राज्य शासनाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आणली. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांच्याबरोबर मेंदूच्या शस्त्रक्रियाही तीत होत्या. पुढे जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता, हे फारच थोड्यांच्या लक्षात आहे. जळगावकरांना त्यासाठी २०१३ च्या नोव्हेंबरची वाट पाहावी लागली. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचा उपचार मिळे. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ साली शासनाने मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय घेतला. पालकहो, शिधापत्रिकेवरील आणि आधारपत्रावरील नावाचे स्पेलिंग जुळत नाही एवढ्या कारणावरून काम अडून बसते. शेख, शाह, पिंजारी, तडवी अशी आडनावे कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच! हे काम आजारपणाची वाट न पाहता, धडधाकट असतानाच उरकून घ्यावे.

दुसरा अडसर आपल्याच घरात आहे. मुलाला फिट आली की नाकाशी जोडा किंवा कांदा धरतात, मग फुंकर, ताविज, भगत, ‘वरचा असर’. दुवा मागण्यास कोणाचीच हरकत नाही, प्रस्तुत लेखकही मागतो. पण त्यात चार महिने घालवू नयेत. मोठ्या वयात आयुष्यात पहिल्यांदाच फिट येणे, पहाटे उठताच डोके दुखून उलटी होणे आणि हे आठवडेच्या आठवडे चालणे, एका बाजूचा हात-पाय दुबळा होणे, नजर धूसर किंवा दुहेरी होणे, मूल चालताना झोकांड्या खाऊ लागणे, शांत माणसाचा स्वभाव अकस्मात पालटणे, ही लक्षणे दिसली तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. नेहमीच्या डोकेदुखीच्या बहुतेक रोग्यांना गाठ नसते, म्हणून उगाच घाबरूही नये. हुशार मूल एकाएकी फळ्यावरचे चुकीचे उतरवू लागले तर शिक्षकांनी छडीआधी चष्म्याचा, आणि चष्म्याने भागले नाही तर डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीचा विचार करावा. मेंदूतील दाब वाढला की तो पडद्यावर सुजेच्या रूपाने दिसतो.

गाठ निघालीच तर डॉक्टरांना काय विचारावे? गाठ पूर्ण काढता येईल का, की तुकडा घेऊन तपासण्यापुरतीच शस्त्रक्रिया आहे? ती बोलण्याच्या किंवा हालचालीच्या जागेजवळ आहे का? मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी रोग्याला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर काम करण्याची पद्धत वाढविली होती. डॉ. चँडी तेथेच शिकले, आणि आपल्याकडेही ती वापरतात. तेव्हा ‘जागेपणी ऑपरेशन’ ऐकून पळ काढू नये, मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. किरण किती दिवस? उग्र गाठीस साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे लागतात. वयोवृद्धांना तीन आठवड्यांचा छोटा क्रमही देतात. शेतीच्या हंगामात दीड महिना मुंबईस राहायचे की नाही याचा निर्णय या उत्तरावर ठरतो. आणि गाठ पुन्हा उलटली, औषधे थकली, तर पुढे काय? तेव्हा वेदना कमी करणे, फिट थांबविणे, घरी शांतपणे राहता येणे यासाठीही स्वतंत्र उपचार आहेत. ते मागून घ्यावेत, त्यात हार मानल्यासारखे काही नाही. शेत विकण्याआधी हा प्रश्न विचारावा, विकल्यानंतर नव्हे. रोगी शुद्धीवर असेल तर हे सारे त्याच्यासमोर बोलावे. आपल्याकडे त्याला वगळून काका-मामा ठरवितात, आणि ज्याचे डोके, त्यालाच शेवटपर्यंत काही कळत नाही.

मुंबईस राहण्याची सोय हा गरिबांचा नेहमीचा प्रश्न. ज्यांना गाडगे महाराजांचे नाव केवळ पाठ्यपुस्तकातील धड्यापुरते ठाऊक आहे, त्यांनी दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा पाहावी; टाटा रुग्णालयाच्या बाहेरगावच्या रोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तेथे आसरा मिळतो. जात-धर्म कोणी विचारीत नाही. जाताना पूर्वीच्या सर्व स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, केवळ रिपोर्टाचा कागद नव्हे, बरोबर घ्याव्यात. आधी कोठे शस्त्रक्रिया झाली असल्यास काढलेल्या तुकड्याचा मेणातील ठोकळा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडून मागून घ्यावा. मेंदूतील गाठींची २०२१ ची जागतिक वर्गवारी गाठीच्या पेशींतील बदल तपासून ठरते, आणि ही तपासणी त्या बोटाच्या पेराएवढ्या मेणाच्या ठोकळ्यावरच होते. तो नसला तर पहिला आठवडा तो मागविण्यातच जातो.